चौथ्या अभ्यासिकेतला खोकला

ग्रंथालय ही मेलेल्यांनी बोलण्याची आणि जिवंतांनी गप्प बसण्याची जागा आहे, असे ग्रंथपाल तुर्दुगुल-एजे दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत. विद्यार्थी माना खाली घालून ऐकत आणि मग फोन चार्ज करायची सोय कुठे आहे ते विचारत. बिश्केकमधल्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात लोक मुख्यतः ऊब आणि प्लग यांसाठी येत; पुस्तकांना त्याची सवय झाली होती. डिसेंबरात मात्र एका दुपारी मेलेल्यांपैकी एकाने खरोखरच घसा साफ केला, आणि आपले वाक्य मागे घेता येईल का, असा विचार एजेंच्या मनात आला.

दुसऱ्या मजल्यावर पूर्वी पुस्तकांच्या कार्डांचे मोठे दालन होते. भिंतीभर लाकडी खण, आणि मधोमध टेबलाशी कासिमाली-आगाय. कुठल्या खणात काय आहे ते त्यांना पाठ होते आणि त्यांचा खोकला सगळ्या विद्यापीठाला पाठ होता. दोन हिवाळ्यांपूर्वी आगाय वारले. मग परदेशी अनुदान आले, खण गेले आणि त्या जागी सहा अभ्यासिका झाल्या. अभ्यासिकांना काचेच्या भिंती होत्या, आतल्याचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून खालचा अर्धा भाग दुधी केलेला. दिवे असे, की माणूस हलला की लागायचे आणि स्थिर बसला की विझायचे. त्यामुळे जो खरोखर वाचायला लागे तो थोड्या वेळात अंधारात जाई. मुले मधूनमधून हात हलवत. लांबून पाहिले तर सगळा मजला कुणाला तरी स्टेशनवर निरोप देत असल्यासारखा दिसे.

उरलेल्या पैशांत उपकुलगुरू मेलिस झुमाबायेविच यांच्या कार्यालयालाही काचेच्या भिंती झाल्या. कारभार पारदर्शक हवा, असे अनुदानवाल्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून मेलिस झुमाबायेविच दुपारी जागेवर सापडत नसत. ते बैठकीत आहेत, असे त्यांची सचिव सांगे.

ते सापडत तेव्हा त्यांचे बोलणे एकाच विषयावर असे.

"एजे, अभ्यासिकांत कोण बसतंय सांगा. मला कुणी दिसत नाही. तिथे कॅफे काढू या. पोरं कॉफी पितील, चार पैसे येतील."

"परीक्षा जवळ आल्या की बसतात."

"ते समितीला दाखवा. पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे. खोल्या वापरात दिसल्या तर राहतील. नाहीतर कॅफे. आणि तुम्हाला तळघरातला जादा प्रतींचा साठा सांभाळायला देऊ. तिथे शांतता आहे."

तळघरात शांतता होतीच. रेडिएटर नव्हता. एजेंचे गुडघे आणि निवृत्ती यांच्यामध्ये अजून तीन हिवाळे होते.

अशा वेळी एका दुपारी कायद्याच्या तिसऱ्या वर्षातली आयझिरेक टेबलापाशी आली.

"एजे, चार नंबरमध्ये कोण बसलंय?"

"कुणी नाही. किल्ली ही काय, खिळ्याला आहे."

"मग आतून कडी कशी?"

"थंडीने दार आखडलं असेल. चल."

दोघी वर गेल्या. बाहेर धुराचे धुके असे दाटले होते की दुपारीच तिन्हीसांज झाली होती, आणि अभ्यासिकांच्या बोळात तर खिडकीच नाही. चौथी खोली काळीकुट्ट होती. एजेंनी दार ढकलले. ते हलले नाही. टाचा उंच करून दुधी पट्ट्याच्या वरून त्या आत डोकावल्या, आणि त्याच क्षणी आतला दिवा लागला.

टेबल होते. टेबलावर काही नव्हते. खुर्ची जरा मागे सरकलेली होती, कुणी आत्ताच उठल्यासारखी. खोलीत कुणी नव्हते.

मग खोकला ऐकू आला. दोन तोकडे, कोरडे, आणि तिसरा लांबत जाणारा. एजेंचे अर्धे आयुष्य त्या खोकल्याशेजारी गेले होते. दिवा विझला.

"वायरिंगचा दोष आहे," एजे म्हणाल्या.

"वायरिंग खोकतं?" आयझिरेकने विचारले.

संध्याकाळपर्यंत मुलींच्या वसतिगृहाला सगळे समजले. वीज बघणाऱ्या माणसाला बोलावले, तर त्याने जिन्याच्या तोंडाशी उभे राहून तिथूनच वायरिंग तपासले आणि उत्तम असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर चौथीला पुन्हा आतून कडी. तिसऱ्या दिवशीही. ग्रंथालय सुरू झाल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. मात्र सगळी गर्दी बोळात उभी असे, आणि सहाच्या सहा अभ्यासिका रिकाम्या.

आत जे काही होते त्याला गर्दीचे वावडे असावे. माणसे जितका वेळ बाहेर थांबत, तितका वेळ कडी निघत नसे. दिवा लागे, विझे. कधी एक लांब सुस्कारा ऐकू येई. गर्दी कंटाळून पांगली की थोड्या वेळाने दार उघडे सापडे. आत कुणी नसे. हवेत माणसाची ऊब असे आणि पुलावाचा किंचित वास.

"कासिमालीला पुलाव फार आवडायचा," साकिन-आपा म्हणाल्या.

साकिन-आपा खाली कोट सांभाळत. विद्यापीठातल्या प्रत्येकाचा कोट त्यांच्या हातून जाई, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशाबद्दल आणि नशिबाबद्दल त्यांचे मत तयार असे.

"आपा, काहीतरीच काय. आपण शिकलेली माणसं."

"तोही शिकलेला होता. त्याचे खण कुठे आहेत?"

खण मोडीत काढायच्या कागदावर सही त्यांची होती. बरेचसे खण लोकांनी वाफ्यांत रोपे लावायला नेले. एक त्यांनीही नेला होता. त्यात त्या कांदे ठेवत.

"मी असते तर मीही आले असते," साकिन-आपा म्हणाल्या. "आयुष्यभर माणसाने अक्षरवार लावून ठेवलं आणि तुम्ही त्यात कांदे भरले. उपाशी आहे तो. मेलेल्याच्या आत्म्याला, आरबाकला, आपलं जेवण लागत नाही, वास लागतो. तापल्या तेलाचा. गुरुवारी पीठ मळून सात तोकोच तळ, त्याच्या नावाने वास काढ, दोन शब्द म्हण. निघून जाईल."

"ग्रंथालयात तळण? दारादारावरची पाटी माझ्या हातची आहे, आपा. खाणं नाही, पिणं नाही, सूर्यफुलाच्या बियासुद्धा नाहीत."

"मग घरी तळ. तो तुझ्या घरी येईल. कांदे बघायला."

एजेंनी ग्रंथालयात तळायचे ठरवले.

तरीही नियमाने वागायचे म्हणून त्या आधी मेलिस झुमाबायेविचांकडे गेल्या. गुरुवारची सकाळ होती, त्यामुळे ते काचेच्या आत होते. बायकोने डब्यात दिलेल्या उकडलेल्या कोबीकडे ते पाहत होते. त्यांना साखर निघाल्यापासून घरात तळणाचा विषय बंद होता.

एजेंनी तळणाचा विषय काढला नाही. फक्त एवढेच म्हणाल्या, "चौथ्या खोलीत काहीतरी आहे, असं पोरांचं म्हणणं आहे."

मेलिस झुमाबायेविचांनी डबा मिटला. "काय आहे?"

"कासिमाली-आगाय."

त्यांनी डबा बाजूला सारला. मग फार समजूतदारपणे म्हणाले, "असेल. जुनी माणसं. त्यांना त्रास देऊ नका. दुपारी त्या बाजूला कुणाला फिरकू देऊ नका म्हणजे झालं. गर्दी तर अजिबात नको."

"पण उद्या समिती येणार."

"येऊ दे. रिकाम्या खोल्या बघतील, मग आपण कॅफे काढू. आगायना कॉफीचा वास आवडेल."

एजे बाहेर पडल्या त्या तळण्याचा निश्चय पक्का करूनच. मेलेल्या माणसाच्या उरावर कॉफी उकळणाऱ्याला काय विचारायचे.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साकिन-आपांनी कोटांची खिडकी ओढून घेतली, कढई काखेत मारली आणि त्या वर निघाल्या. खालच्या मजल्यांचे वायरिंग सोव्हिएत काळातले. तिथे विजेची शेगडी लावली असती तर इमारतीने हाय खाल्ली असती. नवे प्लग फक्त अभ्यासिकांच्या बोळात, आणि त्यांतली चालू असलेली जोडी नेमकी चौथीच्या दाराशी. चौथीला आतून कडी होती.

"आहे आत," आयझिरेक कुजबुजली. पीठ मळायला ती आपण होऊन आली होती. वसतिगृहाच्या मुलींनी तिला सगळे नीट बघून यायला सांगितले होते.

"असायलाच हवा," साकिन-आपा म्हणाल्या. "नाहीतर कुणासाठी तळतोय आपण?"

छतावर धूर ओळखणारे यंत्र होते. आयझिरेक खुर्चीवर चढली आणि तिने त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली. जवळ बादली ठेवली. तेल तापायला लागले. पहिला तोकोच कढईत पडला, फुगला, आणि ग्रंथालयाच्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या मजल्यावर घरासारखा वास सुटला. चौथीच्या आत काहीतरी सरकले. दिवा लागला. तिघी श्वास रोखून उभ्या राहिल्या. दिवा विझेना, आत जे काही होते ते स्थिर बसू शकत नव्हते.

"लागला वास," साकिन-आपा समाधानाने म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा सोडला.

याच वेळी खाली तपासणी समिती दारातून आत येत होती. समितीला आज दुसऱ्या एका विद्यापीठात जायचे होते, पण तिथली वीज गेली होती, तेव्हा उद्याचे काम आजच उरकू, असे अध्यक्षा गुलसुन कादिरोव्ना यांनी ठरवले. कोट घ्यायला खिडकीत कुणी नव्हते. अंगावर कोट घेऊन ग्रंथालयात शिरायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. त्या चौकशी करायला वर निघाल्या, दोन सदस्य मागे.

सहावा तोकोच तळून निघाला आणि तेवढ्यात आयझिरेकने चहासाठी विजेची किटली लावली.

अनुदानाच्या वायरिंगलाही मर्यादा असते. खट्ट असा आवाज झाला आणि सगळा मजला अंधारात बुडाला. शेगडीची तार लाल होती, ती गडद होत होत विझली. तेल मात्र तापलेलेच होते. सातवा तोकोच अंधारात चुरचुरत राहिला.

मग जिन्यावर पावले वाजायला लागली. जड, सावकाश, एकाहून अधिक जणांची.

"आपा," एजे पुटपुटल्या, "किती जणांना बोलावलंत?"

"एकालाच. कुणाला सोबत घेऊन येत असेल तर माझा दोष नाही."

आणि चौथीची कडी निघाली. हळू, फार हळू, आतल्याला आपला आवाज होऊ नये असे वाटत असल्यासारखी. दार उघडले. एजे भिंतीला चिकटल्या. आयझिरेकने एजेंना धरले. दारातून काहीतरी फिकट, रुंद, खांदे नसलेले बाहेर आले आणि भिंतीच्या कडेने जिन्याकडे निघाले. पावलांचा आवाज नव्हता. कढईपाशी ते थबकले. पुढे गेले. परत मागे आले.

"ताजे आहेत?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

साकिन-आपांचा हात जराही हलला नाही. "ताजे आहेत, आगाय. घ्या. जपून, गरम आहेत."

अंधारात फुंकर मारल्याचा आवाज झाला. मग चावल्याचा. मग बराच वेळ नुसते चघळणे.

"मीठ कमी आहे," भूत म्हणाले.

एजे भिंतीपासून सुटल्या. कासिमाली-आगायनी हयातीत कधी कुणाच्या हाताला नाव ठेवले नव्हते. माणूस मेल्यावर एवढा बदलत नाही.

जिन्याच्या तोंडाशी विजेची पेटी होती. समितीतल्या एका सदस्याने चाचपडत तिचा खटका वर केला, आणि बोळ लख्ख उजळला. मधोमध मेलिस झुमाबायेविच उभे होते. अंगाभोवती पातळ गादीसारखा पांढरा तोशोक, पायात नुसते मोजे, गालावर त्याच तोशोकाच्या टाक्यांचे वळ, आणि हातात अर्धा तोकोच. उरलेला अर्धा तोंडात होता.

गुलसुन कादिरोव्नांनी आधी कढई पाहिली, मग छतावरची आंघोळीची टोपी, मग 'खाणे नाही, पिणे नाही' ही पाटी. एजेंना तळघर दिसले. रेडिएटर नसलेले, जादा प्रतींनी भरलेले.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारले.

"उपकुलगुरू," एजे म्हणाल्या.

"हे इथे काय करतात?"

मेलिस झुमाबायेविचांनी घास गिळला. काचेच्या कार्यालयात डोळा लावता येत नाही की चोरून पुलाव खाता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत एजे जागेवर नसताना आपल्या किल्लीने इथे शिरता येते. दुधी काचेखाली तोशोक अंथरला की कुणाला दिसत नाही. पण हल्ली बाहेर गर्दी होत असल्याने निघता येत नाही आणि कूस बदलली की दिवा लागतो. यातले एकही वाक्य समितीला सांगण्यासारखे नव्हते.

"मी अभ्यासिका वापरत होतो," ते म्हणाले.

"रोज वापरतात," आयझिरेक एकदम म्हणाली. "अख्ख्या वसतिगृहाला माहीत आहे. तासन्‌तास. बाहेर एवढी माणसं उभी असतात, पण सर उठत नाहीत."

एजेंनी तिच्याकडे पाहिले. पोरगी वकिलीत नाव काढणार होती.

"पण तुमच्याच अर्जात आहे," गुलसुन कादिरोव्ना म्हणाल्या, "की या खोल्या कुणीच वापरत नाही, म्हणून इथे कॅफे काढावा."

मेलिस झुमाबायेविचांनी हातातल्या तोकोचकडे पाहिले. "तो अर्ज जुना आहे."

"सोमवारची तारीख आहे त्याच्यावर."

"सोमवारनंतर माझा बराच अभ्यास झाला."

"म्हणजे अर्ज मागे घेताय?"

"घेतला," मेलिस झुमाबायेविच म्हणाले आणि त्यांनी तोशोक अंगाभोवती नीट ओढून घेतला.

गुलसुन कादिरोव्नांनी हातमोजे काढले. चेहऱ्यावर काहीच नव्हते. "आणि हे तळण कुणाच्या नावाने?"

एजे खाली बघून म्हणाल्या, "कासिमाली-आगायच्या."

"आपल्या कासिमाली-आगायच्या? कार्डांच्या?" अध्यक्षांनी हातमोजे खिशात ठेवले. "मी इथे शिकले. एकदा मी दोन कार्डांची अदलाबदल केली होती, गंमत म्हणून. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला हुडकून काढलं." त्यांनी खुर्ची ओढली. "थंड होतायत. म्हणा काय म्हणायचं ते."

साकिन-आपांनी हात पसरून दोन शब्द म्हटले. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. मेलिस झुमाबायेविचांनी तोशोक सांभाळत फिरवले. एकेक तोकोच वाटला गेला. समितीने खाल्ला. पाटीखाली उभे राहून एजेंनीही खाल्ला. किती दिवसांनी त्यांच्या घशाखाली काही नीट उतरत होते.

तेवढ्यात चौथ्या अभ्यासिकेतून खोकला आला. दोन तोकडे, कोरडे, आणि तिसरा लांबत जाणारा.

एजेंनी माणसे पाहिली. सगळी बोळात होती. मेलिस झुमाबायेविच त्यांच्या शेजारी होते आणि त्यांचे तोंड भरलेले होते.

"तुम्ही?" एजेंनी हलकेच विचारले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. घास कसाबसा खाली ढकलला. "मी कधीच नव्हतो. मला वाटायचं, तुम्ही बाहेर खोकताय. मी उठावं म्हणून."

दाराच्या आत अंधार होता. गुलसुन कादिरोव्ना उठल्या, त्यांनी कोटाची बटणे लावली आणि कार्डे हलवणाऱ्या मुलीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "खोल्या वापरात आहेत. मी तसं लिहिते." समिती जिना उतरताना वर बघत नव्हती.

कढईत सातवा तोकोच राहिला होता, जरा करपलेला. एजेंनी तो कागदावर काढला, आत जाऊन खुर्चीसमोर ठेवला आणि पाठ न वळवता बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी घरून त्यांनी कांद्यांचा खण आणला, धुऊन पुसून त्याच टेबलावर ठेवला. शनिवारीही खोकला येत होता.

सोमवारी नळवाला आला. त्याने चौथ्या अभ्यासिकेतल्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली, आणि खोकला थांबला.